बापूंनी जड केलेला क्लच

बापू आज पहाटे गेले, आणि मला अजून त्यांचा राग येतोय.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, माहितीये मला. ज्यांना तेवढंच वाचायचंय त्यांनी खुशाल पुढे स्क्रोल करावं. आग्रह नाही.

ज्यांना बापू माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मार्केट यार्डामागे त्यांचं गॅरेज. मूळचे मांजरी गावचे. जुन्या गाड्यांचा क्लच म्हणजे बापू, असं समीकरणच होतं. पार नाशिकहून लोक गाड्या घेऊन यायचे.

"एक प्लेट हितली, दुसरी तिथली, असलं आपल्याकडं चालत न्हाई. पेडलपासून आतल्या प्लेटपत्तुर जोड जुळली पायजे ताई. मग पेडल बोटानं दाबा."

कुणी बाहेरून भलता पार्ट आणला की बापू गाडीला हातच लावायचे नाहीत. "जिथनं आणला तिथंच बसवून घ्या" म्हणायचे आणि चहाला निघून जायचे.

आमची गाडी दादांची. दादा म्हणजे माझे वडील. ते आजारी पडल्यापासून ती मीच चालवायची. महिन्यातून एकदा ताम्हिणी घाट उतरून एकटी कोकणात. ऑफिस, घर, औषधं, सगळं दोन दिवस बंद.

माझं म्हणून तेवढंच होतं हो.

सहा वर्षांपूर्वी दादा गेले. त्याच महिन्यात क्लच घसरायला लागला म्हणून गाडी बापूंकडे टाकली.

परत आली ती पेडलचा दगड होऊन.

"अहो बापू, हे दाबलंच जात नाहीये."

"गाडी जुनी हाय ताई. आन खरं सांगू का, तुमचा डावा गुडघा आता पयल्यासारखा राह्यला न्हाई."

गुडघा माझा एकदा मोडला होता, स्कूटरवरून पडून. त्यामुळे पटलं. बापूंचं न पटायला काय झालं?

मग काय. फिजिओ झाली. शेक झाला, पट्टा झाला, सकाळी उठून मेथ्या गिळून झाल्या. सिग्नलला पाय थरथरायचा. चांदणी चौकाच्या चढावर एकदा गाडी बंद पडली, तर मागचा टेम्पोवाला उतरून म्हणतो, "काकू, रिक्षाने फिरा की."

फिरायला लागले रिक्षाने.

कोकण बंद. मैत्रिणींनी विचारलं की म्हणायची, "वय झालं गं आता."

सत्तेचाळीस! सत्तेचाळीस वर्षांची होते मी तेव्हा.

गेल्या महिन्यात गाडी विकायचं ठरवलं. त्याआधी जरा नीट करून घ्यावी म्हणून घराजवळच्या, कोथरूडमधल्या एका मेकॅनिककडे नेली. तो गाडीखालून बाहेर आला तो डोकं खाजवत.

"मॅडम, हे कुणी बसवलंय? आत टेम्पोला लागते तसली कडक स्प्रिंगची प्लेट आहे. आणि पेडलची ओढ आत पोचवणारी दांडी मुद्दाम आखूड केलीये. पैलवानाचा पाय भरून येईल."

त्याने सगळा सेट मूळ गाडीचा टाकला, दांडी बदलली. मी पाय ठेवला. पेडल इतकं सहज खाली गेलं की मला वाटलं काहीतरी तुटलं.

गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

गाडी विकली नाही. त्याच रविवारी कोकणात जाऊन आले. येताना आधी बापूंच्या घरी गेले.

खरं सांगते, मी त्यांना सुटायची वाट करून दिली होती. म्हटलं, "बापू, घाईत दुसरा पार्ट बसला असेल ना? चुकून?"

एक "हो" पुरला असता. चहा पिऊन घरी आले असते.

खाटेवर आडवे होते. उठून बसले. ताठ.

"चूक? माझ्या हातनं जोड चुकत न्हाई, ताई."

धन्य! सहा वर्षं खोटं बोलणं जमलं, पण कामात चूक झाली एवढं म्हणवेना.

मग सगळं सांगितलं. दादांनी शेवटच्या आजारपणात त्यांना बोलावून घेतलं होतं.

"दादा म्हणले, पोरगी एकटी घाटात जाती. मी न्हाई म्हटलं तर मुद्दाम जाईल. गाडीलाच न्हाई म्हणू दे."

"आणि माझा गुडघा? तोही दादांनीच सांगितला?"

म्हणाले, "न्हाई. ते माझं."

अहो, पार्ट बदललात, एक वेळ तेही सोडलं असतं. पण मला माझ्याच पायाचा भरवसा राहू दिला नाहीत. दोघांनी मिळून परस्पर ठरवलंत, आणि जिचा पाय तिला विचारलं नाहीत. त्यातल्या एकाशी तर भांडायचीही सोय नाही.

याला काळजी म्हणू नका कुणी कमेंटमध्ये. याला विश्वासघात म्हणतात.

"पुन्हा तुमच्या दारात येणार नाही," असं सांगून निघाले. नंतर त्यांचे दोन फोन आले. उचलले नाहीत.

आज त्यांच्या दारात गेलेच मी. स्वतः चालवत.

काकू, म्हणजे बापूंच्या पत्नी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला जवळ बोलावलं.

"दोनदा फोन केला हुता गं त्यांनी तुला."

"माहितीये काकू. मुद्दाम नाही उचलला."

वाटलं, आता सांगतील, माफी मागायची होती त्यांना. मी मनात उत्तरही तयार ठेवलं होतं.

"इचारायचं हुतं त्यांना. त्या नव्या मेकॅनिकनं दोन्ही प्लेटा एकाच सेटच्या टाकल्यात का म्हणून."

मयताच्या घरात मला हसू फुटलं. काकूंनाही. मग दोघींना आवरेना.

एकाच सेटच्या आहेत, बापू. खोका स्वतः उघडून बघितला मी.

माफ केलेलं नाही.

भावपूर्ण श्रद्धांजली. भाव कुठला, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.