म्हशीच्या दाव्याचा षटकोन

"आणि हा बाह्यभाग," असं म्हणून बाईंनी लाकडी पट्टी माझ्या खांद्यावर टेकवली.

सातवीत होते. नारायण पेठेतली शाळा. भूमितीच्या बाईंचा आवाज असा, की त्या 'बहुभुजाकृती' म्हणाल्या की नदीपलीकडची कबुतरं उडायची. त्या दिवशी आकृती मैदानात करायची होती, मुलांनीच कोपरे व्हायचं. दोरी आणायला मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. "तुमच्या वारज्यात गोठा आहे ना अजून?" वारजं तेव्हा पुण्याच्या हद्दीबाहेरचं गाव. मी म्हशीचं दावं आणलं. सगळ्यांसमोर गाठ मारून दोन टोकं जोडली. बंद नसेल तर ती बहुभुजाकृतीच नव्हे, हे बाईंनीच शिकवलेलं.

बाईंनी सहा मुलं निवडली. सहाही पेठेतली. दावं त्या पोरांनी रुमालात धरलं, जणू पलीकडे म्हैस बांधलेलीच आहे.

"बाई, मला जागा हाय का?"

"हाय म्हणणाऱ्यांना बाहेर जागा आहे. प्रशस्त."

वर्ग असा हसला, की शेजारच्या वाण्याच्या बरण्या फळीवरून सरकल्या असतील. मग बाईंची पट्टी फिरू लागली. ही बाजू. हा शिरोबिंदू. हा अंतर्भाग. आणि शेवटी माझा खांदा.

"बाह्यभाग. वासावरून ओळखा."

दावं आमच्या गोठ्यातलं. गाठ माझी. आणि बाहेर मी.

पुढे झाले. दोन पोरांमधली ताणलेली बाजू मधोमध धरली आणि खच्चून बाहेर ओढली. माजलेली म्हैस आवरणारे हात हे. सहा पोरं काय चीज. पुण्याची हद्द त्या क्षणी वारज्याकडे वीतभर सरकली, अजून मोजून घ्या.

"आकृती बिघडवलीस तू."

"बिघडली न्हाई बाई. सात बाजू झाल्या. मोजा."

कुणी मोजल्या नाहीत. शाळा सुटेपर्यंत मला उन्हात उभं केलं. माफी माग म्हणाल्या, मागितली नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तुकडीसाठी दावं मागितलं. दिलं नाही.

आज ऑफिसात इस्त्रीचे कपडे घालून बसते. तिथेही माझ्याच दोरीने आकृत्या आखतात आणि मला बाहेर उभं करून हसून बोलतात. जागा हाय का, असं मी आता कुणाला विचारत नाही. सरळ बाजू धरते आणि ओढते. त्यांच्या हाताला काचलं, तर त्यांनी सोडावं.