पुताईचा नंबर

बरखेड्याच्या टाउनशिपमधल्या त्या ओळीत सगळ्या क्वार्टरांच्या भिंतींना चुना लागून पुताई झाली होती, पांढरीपांड्यांचं तेवढं राहिलं होतं. विश्वासराव कारखान्यातून आले की विचारायचे, "सिव्हिलवाले आज पण नाही आले?"

"नंबराप्रमाणे येतात हो ते," सिंधू चहा गाळत म्हणायची.

नंबर कधीच येऊन गेला होता. सिंधूनंच मेंटेनन्सच्या ऑफिसात जाऊन तो शेजारच्या सरोजला देऊन टाकला होता.

विश्वासराव मार्चअखेर रिटायर होणार होते. टाउनशिपमध्ये मुलगी उजवायची ती बाप नोकरीत असताना, क्वार्टरच्या अंगणात मांडव घालून. त्यांच्या थोरल्या बहिणीनं, नागपूरच्या मंदाकिनीबाईंनी, नलिनीसाठी स्थळ आणलं होतं आणि मुहूर्त डिसेंबरचाच हवा होता. नलिनीची एम.एस्सी.ची शेवटची परीक्षा एप्रिलात. मुलाकडच्यांना लग्नानंतर शिक्षण नको होतं. म्हणजे दीड वर्षाची मेहनत पाण्यात.

सिंधूनं नाही म्हटलं नाही. वन्संशी समोरासमोर वाद घालून ह्या घरात कुणी जिंकलं नव्हतं, हे पंचवीस वर्षांत ती शिकली होती. जुलैत तिनं पत्रिका वर्ध्याच्या मामांकडे तपासायला धाडली. मामा पत्राचं उत्तर महिन्यानं देत. मग नलिनीच्या फोटोत पापणी मिटलेली निघाली, तो परत काढायचा होता. मग पुताई. पोपडे पडलेल्या घरात पाहुण्यांना बोलवायचं कसं?

"आई, तू सरळ नाही का म्हणत नाहीस?" मेथी निवडताना नलिनीनं विचारलं.

सिंधू इतिहास घेऊन बी.ए. झाली होती. "रोमचा एक सेनापती होता, फेबियस. हॅनिबल इटलीत घुसलेला, मैदानात त्याच्यापुढे कुणी टिकेना. फेबियसनं लढाईच दिली नाही. डोंगराडोंगरानं त्याच्या मागे राहायचा आणि दाणावैरण शोधायला निघालेल्या टोळ्या तेवढ्या गाठायचा. हॅनिबल घरापासून लांब. दिवस जातील तसा तोच झिजणार."

"लोक काय म्हणाले?"

"भित्रा म्हणाले. दप्तर घेऊन पोराच्या मागे मागे चालतो तसा, हॅनिबलला शाळेत पोचवणारा गडी म्हणाले. त्याचा जोडीदार मिनुसियस तर कंटाळून परस्पर लढायला उतरला आणि घेऱ्यात सापडला."

"मग?"

"मग काय, फेबियसला खाली यावं लागलं, त्याला सोडवायला. ती जुडी दे इकडे."

ऑक्टोबरात नलिनीचा धीर सुटला. तिनं आत्याला परस्पर पत्र टाकलं की मला हे लग्न करायचं नाही. चौथ्या दिवशी मंदाकिनीबाई हबीबगंज स्टेशनवर उतरल्या, रिक्षा करून थेट घरी आल्या आणि पर्ससकट खुर्चीत बसल्या.

"विश्वास, पोरगी मला लिहिते. मला."

विश्वासरावांनी पत्र दोनदा वाचलं. "नलू, उद्यापासून कॉलेज बंद."

नलिनी दाराशी उभी होती.

सिंधूनं पाण्याचा ट्रे खाली ठेवला. "वन्सं, पत्र तिचं असलं तरी करणं माझं आहे. पत्रिका मी लांबवली. फोटो चांगलाच आला होता. पुताईचा नंबरही मीच सरोजला दिला."

"म्हणजे चार महिने मला खेळवत होतीस?" विश्वासरावांनी विचारलं.

"हो."

"मी रोज विचारत होतो, तेव्हाही?"

"तेव्हाही."

मंदाकिनीबाई म्हणाल्या, "पंचवीस वर्षांत तोंड उघडलंस, ते हे सांगायला."

"आता उघडलंच आहे तर ऐका. परीक्षा झाली की तुम्ही आणाल ते स्थळ बघू. त्याआधी नाही. कॉलेजही बंद होणार नाही."

वन्सं दुसऱ्या दिवशी परतल्या. तुळशीच्या लग्नाच्या आत मुलाकडच्यांनी दुसरी मुलगी पसंत केली. नलिनी कॉलेजला जात राहिली. विश्वासराव मात्र सिंधूशी मीठ-पाण्यापुरतं बोलत. तिनं केलेल्या चहाकडेही जरा संशयानं बघत. तिनं त्यांची समजूत काढली नाही. दुखावले होते आणि त्यांचं चुकतही नव्हतं.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी त्यांनी कोरा कागद तिच्यापुढे ठेवला.

"मुलांची परीक्षा असली तर रिटायर झाल्यावर दोन महिने क्वार्टर ठेवता येतं म्हणे. अर्ज लिही."

"मी?"

"मुदत वाढवण्यात तुझा हात धरणारं ह्या सेक्टरात कुणी नाही."

सिंधूनं पेन उघडलं. "निकाल जूनअखेर लागतो," ती म्हणाली. "तीन लिहिते."