तापलेली गाडी आणि दादाची गादी

दादाने माझ्याकडे गादी मागितली, तेव्हा मी घाबरलेच.

गादी मागण्यात घाबरण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. त्यातून मी गाद्या करणारी. कापूस पिंजणं, खोळी शिवणं, टाके घालणं यातच माझे केस पांढरे झाले. पण माझा हा सख्खा भाऊ उभा जन्म आपल्या गॅरेजमध्ये ऑइलच्या एका उपड्या डब्यावर बसला. डब्याचा पत्रा मधोमध खचला, तरी त्याने डबा बदलला नाही. एक उशी तरी ठेव बुडाखाली, असं मी किती वेळा म्हटलं असेल. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "मी गादीवर बसेन तेव्हा गॅरेजला कुलूप लागलेलं असेल." आणि तोच एक दिवस म्हणाला, "घरातल्या आरामखुर्चीला एक गादी शिवून दे. चांगली जाड. सावकाश दे, पण रविवारपर्यंत दे."

दादाला सगळे थंडोबा म्हणतात. एक तर तापलेली इंजिनं थंड करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, आणि दुसरं म्हणजे घाई हा प्रकार त्याच्या अंगातच नाही. गाडी आली की आधी चहा, मग चौकशी. कधी तापते? चढावर की गर्दीत? भरलेली असताना की रिकामी? पाना हातात घ्यायच्या आधी तो इतकं विचारतो की गाडी राहते बाजूला, गिऱ्हाईकच तापतं. मी अगदी उलट, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आई म्हणायची, "या दोघांना एका पातेल्यात घालून ढवळलं असतं तर दोन धड माणसं निघाली असती."

सगळं बिघडलं ते माझ्या गाडीमुळे. मागची सीट काढून मी तिच्यात गाद्या भरते. गाडी टर्बोची. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारं चक्र, असं दादाने मला समजावलं होतं. "हावरट इंजिन आहे. धावून आलं की लगेच गप्प करायचं नाही. जरा वेळ चालू ठेवायचं, दम घेऊ द्यायचा, मग चावी फिरवायची." जन्मात मी त्याचं काही ऐकलेलं नाही, पण गाडीवर जीव होता म्हणून एवढं एक ऐकलं. रोज, न चुकता.

तरीही ती तापायला लागली. सपाटीवर शहाण्यासारखी चालायची. टेकडीवरच्या वसतिगृहाला गाद्या पोचवायला निघालं की चढावर काटा लाल रेघेला भिडायचा. दादाने इंजिनातल्या पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट बदलला. पुन्हा तापली. मग रेडिएटरचं झाकण बदललं, इंजिन गार ठेवणारं कूलंट नवं भरलं, पाण्याचा पंप तपासला. कूलंटच्या टाकीत बुडबुडे येतात का तेही पाहिलं. येत नव्हते, म्हणजे इंजिनाच्या डोक्याचं गॅस्केट शाबूत होतं. हवा आत घेणारी जाळी पुढून पाहिली, मागून पाहिली, दोन्हीकडून लख्ख. एवढं करून आम्ही दोघं चढावर गेलो आणि त्याच वळणावर बॉनेटमधून वाफ आली.

दादा रस्त्याच्या कठड्यावर बसला. मग म्हणाला, "आजकालच्या गाड्या माझ्याशी बोलत नाहीत गं." आणि त्यानंतर त्याने ती गादी मागितली.

मी घरी येऊन कापड कापलं आणि शिवायचं सोडून तशीच बसून राहिले. मला भीती वाटत होती, खरंच सांगते. दादाची बायको, म्हणजे माझी वहिनी, एकदा म्हणाली होती, "सुट्टीच्या दिवशी हे फ्रिजला कान लावून बसतात. कायमचे घरी बसले तर मला मिक्सरही लावू देणार नाहीत." तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो होतो. आता मात्र डोळ्यांसमोर तो फ्रिजपाशी बसलेला दादाच येत होता, आणि हसू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तडक गॅरेज गाठलं. माझी गाडी आत उभी, इंजिन चालू, एसी चालू, रेडिएटरचा पंखा घोंघावत होता. दादा डब्यावर बसून पेपर वाचत होता. बाजूला हत्यारं पुसून पेटीत भरलेली. ती पेटी पाहिली आणि माझं डोकंच फिरलं.

"हत्यारं का भरलीस?"

"पुसायची होती."

"खोटं बोलू नकोस. दोनदा चुकलास आणि लगेच हात टेकलेस? मी किती गाद्या उसवून परत शिवल्या असतील, माहिती आहे?"

"तुझी गादी तापत नाही गं," दादा पेपरातून मान वर न करता म्हणाला.

मी तो पेपर त्याच्या हातातून ओढला आणि फेकला, तो गाडीच्या तोंडावर. पानं घसरून खाली पडली. एकच पान पुढच्या जाळीच्या कडेला चिकटून राहिलं. मला आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण दादा उठला होता. डब्यावरून इतक्या चटकन उठलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"थांब जरा," म्हणत त्याने ते पान काढलं आणि पुन्हा कडेला लावलं. पंख्याच्या ओढीने ते गच्च चिकटलं. मग तेच पान त्याने मधोमध धरलं आणि हात सोडला. पान खाली पडलं. परत धरलं, परत पडलं.

"कडेने हवा आत जाते, मधून जातच नाही," तो म्हणाला.

"पण जाळी तर लख्ख आहे."

"ही पुढची जाळी टर्बोची हवा गार करते. इंटरकूलर. रेडिएटर हिच्या मागे. मी पुढून हिला पाहिलं आणि मागून त्याला. दोघांच्या मधे डोकावलोच नाही."

त्याने पेटी उघडली. बंपर उतरवला, इंटरकूलर सैल करून पुढे कलवला आणि फटीत बोटं घालून ओढलं. एक अख्खा थर बाहेर आला. करडा, मऊ, एकसारखा दाबलेला. मी तो चिमटीत चोळला आणि माझा चेहराच पडला. कापसाला निळसर झाक होती. जुन्या निळ्या गाद्यांचा कापूस मी पुन्हा पिंजते. माझाच माल होता तो.

"गाडी कुठे लावतेस?" दादाने विचारलं.

"दुकानासमोर. तोंड भिंतीकडे."

"भिंतीत काय आहे?"

"कापसाची धूळ बाहेर फेकायचा पंखा."

"आणि आल्यावर लगेच बंद करतेस?"

"नाही. दम घेऊ देते. तूच सांगितलं होतंस."

दादा हसायला लागला. हसता हसता डब्यावर बसला, डोळे पुसले, परत हसला. माझा पंखा कापसाची धूळ बाहेर फेकत होता आणि गाडी उभ्या उभ्या दम घेत तीच आत ओढत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"आयुष्यात एकदाच तुझं ऐकलं रे," मी म्हटलं, "त्याचं हे फळ."

त्याने तो थर हातावर तोलून पाहिला. "टाका नाही, शिवण नाही. तुझ्यापेक्षा गाडी चांगली गादी करते."

रेडिएटर मागच्या बाजूने हलक्या धारेने धुतला, सगळं जागच्या जागी बसवलं आणि गाडीत गच्च गाद्या भरून आम्ही चढाला लागलो. त्या वळणावर दोघांचीही नजर काट्यावर. काटा मध्यावर खिळल्यासारखा उभा राहिला, थेट वसतिगृहाच्या फाटकापर्यंत.

गाद्या उतरवत होतो तेवढ्यात एक गाडी चीं चीं करत आत आली. दादाने मान तिरकी केली. "पट्टा घसरतोय त्याचा," असं पुटपुटला आणि हातातली गादी माझ्या अंगावर टाकून त्या माणसाकडे गेला. "कधीपासून येतोय हो आवाज? सकाळी येतो की दिवसभर?" मी एकटीने सगळ्या गाद्या उतरवल्या तरी त्याची चौकशी संपली नव्हती. एरवी मी आकाशपाताळ एक केलं असतं. त्या दिवशी मात्र सावलीत उभी राहून नुसती बघत राहिले.

परत येताना विचारलं, "गादी रविवारपर्यंत हवी ना?"

"घाई नाहीये," दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला.

आता मी गाडी रस्त्याकडे तोंड करून लावते. ते कापलेलं कापड अजून माझ्या मशीनच्या खणात आहे. गिऱ्हाइकाचं काम रखडलं की मला झोप लागत नाही. हे एकच काम मी मुद्दाम रखडवलं आहे, आणि गिऱ्हाईक चुकूनही त्याची आठवण काढत नाही.