मेयोतली स्टोव्हची झोपडी आणि डिकीतला अलार्म

रविवार, १ मार्च

महिनाभर इथे काही लिहिलं नाही, माफ करा. दोघातिघांनी ईमेलवर विचारलं, “मेयोला जाणार होतात ना, काय झालं?” आम्ही तीन आठवड्यांपूर्वी जाऊन आलो. लिहायला मी दोनदा बसले आणि दोन्ही वेळा फोटो निवडण्यापलीकडे गेले नाही. फोटो चांगले आले आहेत, त्यामुळे जास्तच अवघड झालं.

जायचं ठरलं ते आप्पांमुळे. माझे वडील, वय चौऱ्याहत्तर, कराडचे. कृष्णेत गळ टाकून बसण्यात त्यांचं तरुणपण गेलं. जानेवारीत ते आमच्याकडे आयर्लंडमध्ये ड्रोहेडाला आले आणि पंधरा दिवस खिडकीतून पाऊस बघून कंटाळले. माझी मुलगी ईरा बारा वर्षांची आहे. तिने त्यांना बर्फाला भोक पाडून मासे धरणाऱ्या लोकांचे व्हिडिओ दाखवले. बर्फावर एवढीशी झोपडी, आत पेटलेला स्टोव्ह. आप्पा म्हणाले, “हितं न्हाई का असलं काय?”

आयर्लंडमध्ये तळी माणूस उभा राहील इतकी गोठत नाहीत. पण शोधता शोधता पश्चिमेच्या मेयो काउंटीत, कासलबारच्या पुढे एका तळ्याकाठी तशीच झोपडी सापडली. मालक पॉड्रिग, वय सत्तरच्या आसपास. उमेदीची वर्षं त्याने कॅनडात सुतारकामात काढली. परत आल्यावर आठवणीने तिथल्यासारखी झोपडी बांधली, खाली बर्फावरून ओढायच्या लाकडी पट्ट्यांसकट. त्या पट्ट्यांनी आजवर बर्फ पाहिलेला नाही. झोपडी काठावर उभी आहे आणि पुढची फळी उघडली की थेट पाण्यात गळ टाकता येतो. दिवसाचे साठ युरो, त्यात लाकूड आणि दोन रॉड.

शुक्रवारी दुपारी निघालो. सुहास, माझा नवरा, कामामुळे आला नाही. नावन, मलिंगर, लाँगफर्ड आणि पुढे एन-फाइव्ह. या रस्त्याने टोल लागत नाही, पण नावन ते मलिंगर ट्रॅक्टरच्या मागे राहायची तयारी ठेवा. साडेतीन तास धरा, वडीलधारे बरोबर असतील तर साडेचार. लाँगफर्डच्या पेट्रोल पंपावर चिकन रोल मिळतो. आप्पांनी घरची भाकरी काढली आणि काउंटरवरच्या मुलीकडे फक्त गरम पाणी मागितलं. तिने पैसे घेतले नाहीत. रात्री कासलबारला मुक्काम केला.

शनिवारी सकाळी दहाला तळ्यावर पोचलो. गवतावर दव गोठलेलं, काठाच्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा. आप्पांनी काठीने तो फोडला आणि ईराकडे बघून म्हणाले, “झालं बघ, बर्फ फोडला!”

झोपडी आपल्या न्हाणीघराएवढी. तीन माणसं बसली की भरली. कोपऱ्यात गुडघ्याएवढा लोखंडी स्टोव्ह आणि छतातून वर गेलेलं धुराडं. आप्पांनी त्याला हात लावून पाहिला. “हा तर आपला बंब! पाण्याचा तेवढा न्हाई.”

पॉड्रिगने पेटवून दाखवलं. खाली कागद, वर बोटाएवढ्या काटक्या, त्यावर मनगटाएवढी कोरडी लाकडं. मोठा ओंडका घालायचा नाही. एवढ्याशा स्टोव्हमध्ये तो जळत नाही, नुसता धुमसतो. वीस मिनिटांनी एकेक लाकूड घालत राहायचं. मग त्याने भिंतीच्या तळाशी असलेला झरोका दाखवला. तिथून वारा येतो, पाय गारठतात, तरी तो बंद करायचा नाही. शेवटी हुकाला टांगलेल्या पांढऱ्या डबीकडे बोट केलं. “ही वाजली तर सगळे बाहेर या आणि मला फोन करा. मी वरच्याच घरात आहे.”

मी “हो हो, ग्रँड” म्हणाले. लक्ष फोटोकडे होतं.

दहा मिनिटांत जॅकेटं काढावी लागली. डोकं उन्हाळ्यात आणि पाय हिवाळ्यात, अशी ती ऊब. कुणी जाणार असाल तर लोकरीचे मोजे दोन जोड न्या. अकराच्या सुमाराला आप्पांच्या गळाला पाइक लागला, हातभर लांब. पॉड्रिगने आधीच सांगितलं होतं की तो सोडून द्यायचा.

“सोडायचा?” आप्पा म्हणाले. “मग धरला कशापायी?”

“फॉर द क्रॅक, आप्पा,” ईरा म्हणाली. म्हणजे मजेसाठी. आप्पांनी मासा पाण्यात सोडला आणि बराच वेळ हसत राहिले. इतके हसलेले त्यांना मी आई गेल्यापासून पाहिले नव्हते.

इथपर्यंतची सहल मी कुणालाही सांगू शकते.

आप्पा गुडघे चोळू लागले तेव्हा मी पुढची फळी लावून घेतली आणि माझा मफलर त्या झरोक्यात कोंबला.

“आगं, ते बुजवू नगं. बंबाला बी खालनं वारा लागतो.”

“आप्पा, उद्या गुडघे धरून बसलात तर मलाच बघावं लागेल.”

ते रॉड आवरायला वळले. लेकीच्या देशात आल्यापासून ते माझ्यापुढे लवकर गप्प होतात, आणि ते मला सोयीचं पडतं. लाकूड सारखं घालायचा कंटाळा आला म्हणून मी एक मोठा ओंडकाही आत ढकलला आणि स्टोव्हची हवा कमी केली.

एक वाजता स्टोव्हवर पिठलं करायला घेतलं. मोहरी तडतडली, मिरची पडली, सगळे खोकलो, आणि ती डबी किंचाळायला लागली.

इथे राहणाऱ्यांना हे सांगायला नको. आपल्या घरी फोडणी पडली की स्मोक अलार्म वाजतो. कुणी त्यावर शॉवर कॅप चढवतं, कुणी टॉवेल हलवतं, कुणी बॅटरीच काढून ठेवतं. अकरा वर्षांत अलार्म म्हणजे माझ्या स्वयंपाकाला नाक मुरडणारं यंत्र, एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं.

“आई, दॅट्स नॉट द स्मोक वन,” ईरा म्हणाली.

“घरी रोज वाजतो. तेव्हा बाहेर पळतो का आपण?”

मी डबी हुकावरून काढली, गाडीच्या डिकीत जॅकेटांखाली पुरली, परत आले आणि दार लावलं. कंपनीत मी टेस्टिंग करते. सॉफ्टवेअरने दिलेली कुठलीही सूचना दुर्लक्षित करू नका, हे मी नव्या लोकांना शिकवते.

अडीचच्या सुमाराला ईराचं डोकं दुखायला लागलं. आप्पा जांभया देत होते. मला वाटलं, पिठलं जड झालं. मग आप्पा उठायला गेले आणि गुडघ्यांत मोडले. ईराने दार ढकलून उघडलं. आम्ही दोघींनी त्यांना ओढत गवतावर आणलं, तिथे ते उलटी करत राहिले. मी पॉड्रिगला फोन केला.

तो यायला चार मिनिटं लागली असतील. त्या चार मिनिटांत मी वडिलांचा हात धरून बसले नाही. आधी झरोक्यातला मफलर उपसला आणि आप्पांच्या गळ्यात गुंडाळला. मग डिकी उघडली आणि डबी परत हुकाला टांगली. दार सताड उघडं होतं, आत हवा खेळत होती. डबी गप्प राहिली.

आप्पांना गाडीत घेता घेता पॉड्रिगने विचारलं, “वाजली नाही?”

“नाही,” मी म्हणाले.

ईराने माझ्याकडे पाहिलं.

कासलबारच्या हॉस्पिटलात तिघांचं रक्त तपासलं. आप्पांना संध्याकाळपर्यंत ऑक्सिजन दिला. तिथे भेटलेला तरुण डॉक्टर नागपूरचा निघाला. त्याने समजावलं की कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग, आणि ती डबी फक्त त्याच्यासाठी असते. फोडणीशी तिचा काही संबंध नाही. “ताई, अलार्म नव्हता का तिथे?”

“होता. वाजला नाही.”

दुसऱ्यांदा बोलताना जीभ अडखळलीही नाही. आप्पा बरे आहेत, ईरा बरी आहे. परतीच्या वाटेवर लाँगफर्डजवळ आप्पा म्हणाले, “माज्यामुळं पोरीची सहल नासली.” मी नुसता गिअर बदलला. सुहासलाही तेच सांगितलं, अलार्म बिघडलेला होता म्हणून.

त्याच आठवड्यात पॉड्रिगचा लांबलचक मेसेज आला. साठ युरो परत पाठवले होते. डबी आपण जानेवारीत तपासली होती तरी कशी फसली, हे समजत नाही, असं लिहिलं होतं. आपल्या हातून एक म्हातारा माणूस आणि एक लेकरू जाणार होतं, ही गोष्ट डोक्यातून जात नाही. झोपडी बंद केली आहे. पुढच्या महिन्यात मोडून तिचं लाकूड पुतण्याला देणार. खाली लिहिलं होतं, “आय अॅम अशेम्ड.”

मी उत्तरात आभार आणि हात जोडलेली इमोजी पाठवली.

काल आप्पांना सगळं सांगितलं. ते पेपर वाचत होते. चष्मा काढून म्हणाले, “मला ठावं हाय. मी काय झोपलो व्हतो व्हय? डबी न्हेताना बघितलं तुला.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू बोलशील म्हनून. आन् आता मला सांगून काय उपेग? त्या मानसाला सांग की. त्यो बिचारा घर मोडाय निघालाय.”

स्वयंपाकघरातून ईरा म्हणाली, “आय वॉज वेटिंग टू.”

ही पोस्ट लिहिताना हलकं वाटतं आहे, आणि त्याचाच मला संशय येतो. मराठीत, आपल्या माणसांत, चार सहानुभूतीच्या कमेंट्सच्या आशेने लिहिलं की कबुली दिल्यासारखं वाटतं. पण पॉड्रिगला मराठी येत नाही. झोपडी तो मोडेल, स्वतःला दोष देत राहील, आणि माझं लिखाण प्रामाणिक आहे म्हणून तुम्ही माझं कौतुक कराल. कृपा करून करू नका.

कुणी विचारेल म्हणून सांगते, ती झोपडी छान ऊबदार होते. झरोका उघडा ठेवून, बारीक कोरडं लाकूड घालत राहिलं तर तिच्यात काहीही धोका नाही. हे वाक्य खरं तर त्याला ऐकायला मिळालं पाहिजे.

उद्या: ऑफिसच्या आधी पॉड्रिगला फोन करणे. मेसेज नाही.