उलटा हात

आमच्या घरात भंगारातून आलेल्या कोणत्याही वस्तूला आधी उलटा हात लावायचा, हा नियम चपला दाराबाहेर काढण्याइतकाच जुना आहे. तळवा लावायचा नाही. पत्र्यात करंट उतरलेला असेल तर तळव्याची बोटं आपोआप आवळतात आणि वस्तू सुटत नाही. उलटा हात मात्र झटक्यासरशी मागे येतो. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला हे बाराखडीच्याही आधी शिकवलं असावं. त्यांना वाटलं, पोरगी हुशार होईल. झालं भलतंच. आज या वयातही मी फ्रीजचं दार निर्धास्तपणे उघडत नाही.

नाना अमळनेरच्या एका तेलगिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर आम्ही जळगावला आलो, पण त्यांना स्वस्थ बसवेना. लोकांनी टाकलेल्या इस्त्र्या, मिक्सर, टेबलफॅन ते घरी आणायचे आणि चालू करून ज्याच्याकडे नाही त्याला देऊन टाकायचे. अलीकडे कूलरच जास्त. सगळ्यांना आता हलके प्लॅस्टिकचे कूलर हवेत, म्हणून जुने पत्र्याचे कूलर भंगारवाल्याकडे ढिगाने पडलेले असतात. तळ गंजलेला, मोटर जाम, गवताच्या जाळीत उंदराचा संसार. नाना तळाला ठिगळ लावतात, मोटर खोलतात, नवं गवत भरतात, निळा रंग मारतात. मे महिन्यात आमच्याकडे सावलीतसुद्धा अंग भाजतं, त्यामुळे नानांचा कूलर ज्याच्या घरी जातो तो त्यांना देवच मानतो.

कूलर घराबाहेर जाण्याआधी शेवटची परीक्षा ठरलेली. टाकी भरायची, बटण चालू करायचं, चपला काढायच्या, फरशीवर तांब्याभर पाणी ओतून त्यात अनवाणी उभं राहायचं आणि पत्र्याला उलटा हात लावायचा. साधा टेस्टर का वापरत नाही म्हणून मी कितीदा भांडले. "टेस्टर खोटं बोलस," ते त्यांच्या अहिराणीत म्हणायचे, "हात खोटं बोलत नही." शिवाय घराला अर्थिंग नावालाच होतं. मी दाराच्या चौकटीला टेकून, जीव मुठीत धरून बघायची. ते हसायचे. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस!"

नोकरीसाठी मी धुळ्याला राहते. या उन्हाळ्यात सुट्टीला आले तेव्हा अंगणात एक कूलर तयार होऊन उभा होता आणि नाना ओल्या फरशीवर अनवाणी, पत्र्याला उलटा हात लावून.

"काई नही शे," ते म्हणाले, म्हणजे करंट नाही. "ये, तूबी लावी देख."

मी प्रवासाच्या घामाने चिंब होते. चपला पायात तशाच ठेवल्या आणि मन घट्ट करून बोटांची मागची बाजू टेकवली. खांद्यापर्यंत कोणीतरी काठी हाणल्यासारखं झालं. मी मागे जाऊन भिंतीवर आदळले.

"नाना, करंट आहे!"

"तुले तं भिंतबी करंट मारस," म्हणत त्यांनी पुन्हा हात लावला. हसत. अनवाणी, पाण्यात. आणि तो हात त्यांनी तिथेच ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा.

मी किंचाळले की नाही आठवत नाही. बटण बंद केलं, वायर हिसकून काढली. मी त्यांचा हात ओढून घेतला. कातडी चामड्यासारखी जाड आणि कोरडी. दोन बोटांवर टम्म फुगलेला फोड होता.

"हे कधी भाजलं?"

"कुठे?" त्यांनी वाकून बघितलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. वायरी जोडायच्या कामात सोल्डरिंगची गरम सळी बोटाला टेकली असणार, आणि त्यांना कळलंच नव्हतं.

नानांना साखरेचा आजार आहे. डॉक्टरांनी पायांना जपायला सांगितलं होतं, तळपाय बधिर होतात म्हणून. पाय तपासलेत का, हे मी रोज फोनवर विचारायची. हातांचा विचार आमच्या कोणाच्याच डोक्यात आला नाही, कारण नानांचे हात म्हणजे आमच्या घरातली सर्वांत भरवशाची गोष्ट.

मग मला आधीचे कूलर आठवले. "याच्याआधी कोणता कूलर दिलात?"

 "अक्काले," नाना म्हणाले.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. फैजपूरला एकटी राहते. सत्तरी ओलांडलेली, घरात कायम अनवाणी. चालू कूलरमध्ये बादलीने पाणी ओतू नये हे तिला ब्रह्मदेवाने सांगितलं तरी ती ओतणार. कूलर केळीच्या गाडीवर चढवून नुकताच तिच्याकडे पोचवला होता आणि रोज संध्याकाळी ती फोनवर सांगत होती, "बठ्ठं गार शे रे भाऊ, मस्त झोप लागस." सगळं गार, म्हणजे कूलर रोज चालू होता.

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. आत्याच्या शेजाऱ्यांचा नंबर नानांच्या जुन्या मोबाईलमध्ये होता आणि तो मोबाईल, आमच्या घराच्या रीतीप्रमाणे, टेबलावर पोट उघडून पडला होता. मला त्या क्षणी सगळ्या दुरुस्त्यांचा इतका राग आला की टेबलच उलथवावंसं वाटलं.

स्टँडवर जाऊन आम्ही फैजपूरची एस.टी. पकडली. खिडकीचा लोखंडी गज उन्हाने तापून चटका देत होता. नानांनी त्यावर हात टाकला होता. मी तो उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने हात पुन्हा गजावर. मी पुन्हा उचलला. 

जन्मभर लाईट गेली की शिव्या देणारी मी, त्या दिवशी लाईट जावी म्हणून देवाला हात जोडत होते. गावागावात चहाच्या टपऱ्यांमधले पंखे बघत होते. भुसावळला पंखा फिरत होता. तापीचा पूल ओलांडला, पुढच्या फाट्यावरही फिरत होता. दोन्हीकडे केळीची पानं उन्हाने मान टाकून उभी, आणि एकही पंखा थांबायला तयार नाही. फोन अजून नुसताच वाजत होता. मला आत्याची भेगाळलेली टाच डोळ्यांसमोर दिसत होती, ओल्या जमिनीवर टेकलेली. एवढी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

आत्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत अंधार. डोळे सरावले तेव्हा दिसलं, आत्या कूलरच्या पायाशी जमिनीवर पडलेली आहे. जमीन ओली. हात पसरलेला, तोंड किंचित उघडं.

अशा वेळी माणसाला शिवायचं नाही, आधी मेन स्विच बंद करायचा, हे मला पाठ होतं. पण स्विच कुठे आहे ते काही केल्या सुचेना. नाना माझ्या मागे उंबऱ्यावरच थांबले होते. त्यांनी "अक्का" अशी अर्धवट हाक मारली. मी वाकले आणि माझ्या आत्याच्या दंडाला उलटा हात लावला.

"कोन शे?" ती दचकून उठली. "अगं बाई! काबर उनी तू अशी अचानक? आनि भाऊ, तूबी? कोन मरनं का?"

मी मटकन खालीच बसले आणि रडायला लागले. उकाड्यात जमिनीवर पाणी शिंपडून त्यावर लवंडायची तिची जुनी सवय. फोन धान्याच्या डब्यावर, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला, धूळ लागू नये म्हणून. मग माझं लक्ष कूलरकडे गेलं. त्यावर कांद्यांची टोपली होती. आतल्या टाकीत पाणी नव्हतं, बटाटे होते. वायर गुंडाळून सुतळीने बांधून ठेवली होती.

"पहिलाच दिन मी उलटा हात लावा," आत्या माझ्याकडे बघत, नानांकडे न बघता म्हणाली. गिरणीत लागल्यावर नानांनीच तिलाही शिकवलं होतं. "झटका लागना. मंग बंद करी ठेवा." म्हणजे झटका बसल्याबरोबर तिने तो बंद करून टाकला होता.

"आणि रोज फोनवर गार-गार सांगत होतीस?"

"मंग काय सांगू? इतलं जीव लाईसन पाठाडं त्यानी. त्याले वाईट वाटी जाई."

माझा तोल गेला. तिच्या वयाचं भान न ठेवता मी ओरडले. "आत्या, ते तिकडे रोज पाण्यात अनवाणी उभे राहून करंटच्या पत्र्याला हात लावतायत! त्यांना कळत नाहीये! तू एक शब्द बोलली असतीस तर!"

आत्याचा चेहरा हळूहळू उतरला. तिला वाटलं होतं, मोटर बिघडली असेल, एखादी वायर सुटली असेल. भावाचा हात चुकेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. ती उठली, नानांचा हात दोन्ही हातांत घेतला, फोड बघितला आणि त्यावर अंगठा टेकवला.

"दुखस का रे?"

"नही," नाना म्हणाले. आणि मग पहिल्यांदाच मला त्यांच्या आवाजात भीती ऐकू आली. "काहीच नही कळत, अक्का."

आत्याने पदर तोंडाला लावला. त्या दिवशी आम्ही तिघं ओल्या जमिनीवर बसून होतो आणि अखेर लाईट गेली तेव्हा कोणी हातपंखासुद्धा मागितला नाही.

आता आमच्या घराला नीट अर्थिंग आहे. मी करंट मोजायचं मीटर आणलं, वापरायला शिकले, आणि नानांच्या अनवाणी परीक्षेवर कायमची बंदी घातली. दुरुस्ती बंद करा असंही म्हणून बघितलं. त्यांनी ऐकल्यासारखं केलं आणि दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडून एक मोडका कूलर आणला.  आत्याचा कूलरही परत आणून पुन्हा खोलला. मोटरची वायर आतून घासून पत्र्याला चिकटत होती, ती बदलली. बटाटे आत्याने परत मागितले.

मीटरवर शून्य आलं तरी, मी सुट्टीला धुळ्याहून येईपर्यंत नाना कूलर दाराबाहेर जाऊ देत नाहीत. मी आले की नुसते माझ्याकडे बघतात. मग मी चपला काढते. फरशीवर तांब्याभर पाणी ओतते. मला भीती वाटते. मीटर समोर दिसत असतं, अर्थिंग मीच करून घेतलेलं असतं, तरी दर वेळी वाटते. नाना पत्र्याकडे बघत नाहीत, माझ्या चेहऱ्याकडे बघतात, आणि त्यांच्या डोळ्यांत माझ्याहून जास्त भीती असते. मी उलटा हात लावते.

"काई नही शे?" ते विचारतात.

"काही नाही, नाना."

मग ते माझा हात हातात घेतात आणि जोरात दाबतात. इतक्या जोरात की मला दुखतं. त्याहून हळू दाबला तर त्यांना कळत नाही की त्यांनी तो धरला आहे.