पिशवीतला पांढरा रस्सा

नातीला पाचवा महिना लागला आणि डोहाळे मला लागले, पांढऱ्या रश्शाचे, नाव तिचं. मेसमधून वाफाळता रस्सा पातळ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घेतला आणि रिक्षानं राजारामपुरीत तिच्या फ्लॅटवर पोचले. नातीनं पिशवी बघितली आणि तशीच सिंकमध्ये ठेवली.

मी फुगले. तिनं समजावलं: गरम पदार्थात प्लास्टिकमधली रसायनं उतरतात, आईच्या रक्तातून बाळापर्यंत जातात, आणि बाळाचा मेंदू तर याच महिन्यांत घडत असतो. मी म्हटलं, तुझ्या आईच्या वेळी मी सगळं प्लास्टिकमधूनच खाल्लं-प्यायलं.

खरंच होतं ते. सासूबाईंची पितळी भांडी माळ्यावर टाकून मी लाल प्लास्टिकचा कॅन मिरवत दुधाच्या कट्ट्यावर, म्हशीचं धारोष्ण दूध आणायला जायचे. घरी उकळतं दूध प्लास्टिकच्या जगमध्येच ओतायचे. जग वाकडा झाला, पण माझी अक्कल काही सरळ झाली नाही.

नातीकडून परतताना मात्र माझा तोरा उतरला. लेक तीन वर्षांची होईपर्यंत बोलली नव्हती. ते माझ्यामुळं तर नव्हे?

पुढच्या तपासणीला नातीबरोबर गेले आणि डॉक्टरीणबाईंना विचारलंच. त्या म्हणाल्या, "आजी, एका मुलाबद्दल असं कुणालाच सांगता येत नाही. उशिरा बोलायची कारणं पुष्कळ असतात. अभ्यासांतून धोका दिसतोय, म्हणून जमेल तेवढं टाळायचं. मागचं उगाळत बसू नका."

बाहेर आल्यावर नात म्हणाली, "आज्जी, आई आता बोलायची थांबती तरी का?"

रविवारी मी कडीचा स्टीलचा डबा घेऊन मेसच्या रांगेत उभी राहिले.

"आज्जी, पिशवीत देतो की. डब्यातनं सांडंल," मालक म्हणाले.

"सांडू दे. नात पोटुशी हाय. डब्यातच घाला."

का, ते त्यांनी विचारलं आणि मी रांग तुंबवून सगळं सांगितलं. मागचे लोक कुरकुरले. मालकांनी पळीनं माझा डबा भरला. मग आत वळून आचाऱ्याला म्हणाले, "आमच्या सूनबाईचा रस्सा आज पातेल्यातनं पाठव रं. पिशवी नको."

थोडा रस्सा रिक्षात माझ्या पातळावर सांडलाच. उरलेला नातीनं वाटी तोंडाला लावून संपवला आणि वाटी पुन्हा पुढं केली.