विरोधी बाजूची खुर्ची

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी संध्याकाळी वादमंडळ भरायचं. भरायचं आपलं म्हणायला. सभासद एकेक करून गळाले आणि शेवटी दोनच उरले. एक छापखान्यातले निवृत्त मुद्रितशोधक, ज्यांना सगळं गाव वेलांटीकाका म्हणे, आणि दुसरा शिंपी.

मंडळाचा एक नियम काकांनीच तरुणपणी हट्टाने लिहून घेतला होता. विरोधात बोलणारा नसेल, तर सभा झाली असं धरायचं नाही, आणि लागोपाठ तीन सभा बुडाल्या की मंडळ बंद. काकांना विरोधाची कसली चिंता? एकतीस वर्षं समोर शिंपी होता. काका पूर्व म्हणाले की हा पश्चिम. राजा, संसद, भाषा, युद्ध, कशावरही दोघांचं जमलं नाही. सभा संपली की भांडण अर्धवट ठेवून एकत्र घरी जायचे.

शिंपी गेला. दोन गुरुवार बुडाले. तिसऱ्या गुरुवारी काकांनी पुस्तकं देणाऱ्या बाईंना अक्षरशः हातापाया पडून समोर बसवलं.

"तुम्ही फक्त विरोध करायचा, बाई. जमेल तसा."

विषय होता, चौकातले जुने पुतळे काढावेत का. काढावेत, म्हणून काका पंधरा मिनिटं बोलले. सवयीने त्यांनी दोन मुद्दे मुद्दाम कच्चे सोडले. शिंपी असले मुद्दे उसवलेल्या शिवणीसारखे बरोबर पकडायचा. म्हणाला असता, "पुतळाच नसला तर लेकरू विचारेल कसं, हा बाबा कोण होता म्हणून?" त्यावरचं उत्तर काकांच्या जिभेवर तयार होतं.

बाईंनी मन लावून ऐकलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "खरं सांगू का काका? मला सगळं पटलं."

"सगळं?"

"अगदी सगळं. इतकं छान कुणी समजावलंच नव्हतं."

बाईंचा काय दोष? मनापासून बोलत होत्या बिचाऱ्या. पण शिंप्याला पोचवून परतल्या दिवशीही काकांना इतकं एकटं वाटलं नव्हतं.

त्यांनी वृत्तान्ताची वही उघडली. काहीही लिहिलं असतं तरी तपासणारं कोण होतं? पण जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला हात तो, त्यातून खोटं उतरेना. त्यांनी लिहिलं, 'विरोधात कोणी नाही. सभा झाली नाही.' खाली आपली सही केली, शेजारची शिंप्याच्या सहीची जागा कोरी सोडली आणि वही बाईंच्या हाती दिली, कपाटात ठेवून द्यायला.